होस्टाचा हट्ट सोडा, परसदारची ओल धरा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. देवरुखजवळ आमचं घर आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला होते. तिच्या घरामागे मेपलच्या सावलीत होस्टा नावाची झाडं आहेत. केवढाली पानं, कुणाची निळसर, कुणाची पिवळी, कुणाच्या कडेला पांढरा काठ! आमच्याकडे घरामागे न्हाणीघर आणि पोफळीचं आगर यांच्यामध्ये वीस फूट लांब, आठ फूट रुंद पट्टा आहे. सकाळी जेमतेम तासभर ऊन. पावसाळ्यात नुसतं शेवाळ, केना आणि रानअळू. मला तिथे होस्टा हवा होता. ऑनलाइन तीन मुळ्या मागवल्या, फेब्रुवारीत लावल्या. पानं आली, पण तळहाताएवढीही झाली नाहीत, आणि जुलैत सगळं कुजून हाताला लागलं. पुन्हा मागवू का? कुणी म्हणतं, मुळ्या फ्रिजमध्ये ठेवून लावायच्या. खरं का? की पुढच्या खेपेला लेकीकडूनच एक गड्डा बॅगेतून आणू? यजमान म्हणतात, सरळ फरशी घालून टाकू, पानं माजली की जनावर येणार. घरात दीड वर्षाची नात आहे, कुत्रा आहे. आणि जाता जाता : लेकीचे होस्टा हरणं खातात, त्यावर काही उपाय?

— एक वाचक, देवरुख

उत्तर : ताई, नमस्कार.

मुळ्या कुजल्या त्यात तुमच्या हाताचा दोष नाही. पाणी जास्त झालं, माती जड होती, असं कुणीही सांगेल आणि त्यात थोडंफार तथ्यही असेल. पण तुम्ही माती चाळून घातली असती, पाणी मोजून दिलं असतं, तरी होस्टा देवरुखला फार काळ तगला नसता. त्याला हिवाळ्याची झोप लागते आणि ती झोप कोकणात मिळत नाही.

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनकडचा. ओढ्याकाठी, ओल्या कुरणांत, डोंगरउतारावरच्या झाडोऱ्याखाली वाढणारा. जपानी होस्टांची जिवंत रोपं युरोपात नेली ती प्रामुख्याने फिलिप फ्रान्झ फॉन झीबोल्ट या जर्मन डॉक्टरने, 1830 च्या सुमारास. तिथून पुढे बागवाल्यांनी त्याच्या हजारो जाती केल्या. यातली कुठलीही जात घ्या, थंडी सुरू झाली की पानं पिवळी पडून जमिनीवर लोळतात आणि वर काही म्हणता काही उरत नाही. खाली कोंब मात्र जिवंत असतात. त्यांना साधारण सहा आठवडे तरी पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी मिळाली, तरच वसंतात ते जोमाने उठतात. न्यू जर्सीत जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे तुमच्या लेकीला यासाठी काहीही करावं लागत नाही. देवरुखची पौषातली पहाट शाल घ्यायला लावते हे कबूल, पण पारा पाच अंशांच्या जवळपासही फिरकत नाही.

मग फेब्रुवारीत पानं आली कशी? तुमच्या मुळ्या बहुधा शीतगृहातून आलेल्या असणार, म्हणजे त्यांची झोप आधीच झालेली होती. मुळांत साठवलेल्या अन्नावर पहिली पानं निघाली. पुढे एप्रिल-मेचा उकाडा आला. रात्रीही गारवा नाही म्हटल्यावर झाड दिवसा कमावतं त्याहून जास्त रात्री खर्च करतं. पानं तळहाताएवढीही झाली नाहीत ती म्हणून. असं अशक्त झालेलं मूळ जुलैच्या चिखलात सापडलं, की त्याला कुजायला आठवडा पुरतो.

फ्रिजची गोष्ट खोटी नाही. झोपलेली मुळी किंचित दमट कोकोपीटमध्ये गुंडाळून, पिकणाऱ्या फळांपासून दूर, भाजीच्या कप्प्यात सहा-आठ आठवडे ठेवली तर थंडीची गरज भागते. गरम प्रदेशातले हौशी लोक असं करतात. पण तुमच्याकडे ते दर वर्षी करावं लागेल. आधी झाड उकरायचं, मग मुळी फ्रिजमध्ये, मग पुन्हा लावणी, आणि एवढं करून उकाडा आहे तिथेच. कुणाला तो खेळ म्हणून करायचा असेल तर करावा. परसदारचा वीस फुटांचा पट्टा त्या भरवशावर भरत नाही. हिमाचलात किंवा काश्मिरात घर असतं तर मी स्वतःच होस्टा सुचवला असता.

बॅगेतून गड्डा आणण्याचा विचार मात्र आजच सोडून द्या. परदेशातून जिवंत रोप, कंद किंवा मुळी आणायची तर 2003 च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे इथला आयात परवाना लागतो आणि तिथल्या सरकारी यंत्रणेचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. मुळाला चिकटलेल्या मातीतून काय काय येईल ते दिसत नाही. शिवाय होस्टाचा स्वतःचा एक विषाणू आहे, होस्टा व्हायरस एक्स नावाचा. तो लागलेलं झाड कित्येकदा वरून धडधाकट दिसतं. तुमच्या लगतच पोफळीचं आगर आहे. नसती जोखीम कशाला घ्यायची?

ऑनलाइनचं आणखी एक. निळ्याशार किंवा सप्तरंगी होस्टाच्या ‘बिया’ विकायला असतात, त्या घेऊ नका. पट्टेदार जातीचं खरंखुरं बी पेरलं तरी रोपं बहुधा साधीच निघतात. या जाती गड्डे फोडून किंवा ऊतीसंवर्धनाने वाढवतात. आणि फोटोतल्या त्या निळ्याबद्दलही सांगून टाकते. होस्टाचं निळं पान मुळात हिरवंच असतं. त्यावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून ते निळं दिसतं. लेकीकडे पुन्हा गेलात की त्या पानावरून अंगठा घासून बघा, खालचं हिरवं वर येईल. ऊन आणि पावसाच्या माऱ्याने तो थर तिथल्या उन्हाळ्यातही हळूहळू उतरतो. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात तो किती टिकला असता याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आता तुमच्या पट्ट्याकडे वळू. मला विचाराल तर होस्टा गेला हे बरंच झालं, कारण तुमच्याकडे जी जागा आहे ती कुंडीत मनीप्लँट जगवणाऱ्या शहरी माणसाला स्वप्नात मिळायची नाही. आपल्या हवेतही झोपणारी झाडं आहेत, फक्त त्यांच्या झोपेची वेळ वेगळी. होस्टा थंडीत झोपतो, ही झाडं कोरड्या दिवसांत झोपतात आणि रोहिणी-मृगाच्या पावसाला उठतात. त्यामुळे झाड निवडताना पानाचा फोटो बाजूला ठेवा. ते केव्हा झोपतं आणि त्या वेळी तुमची जमीन ओली असते की कोरडी, एवढं आधी पाहा.

तुम्ही पट्टा एकच म्हणता, पण ओलीच्या हिशेबाने ते दोन आहेत. न्हाणीचं पाणी जिथे उतरतं तिथून पाच-सहा फूट जमीन बारा महिने ओली असणार. त्यापुढची पावसाळ्यात चिंब आणि शिमग्यानंतर कोरडी. खात्री करायची तर पावसाने दोन दिवस उघडीप दिली की दोन्हीकडे हातभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे कंद कुजणार. जांभ्याच्या जमिनीत सहसा असं होत नाही, पण घर बांधताना राहिलेला सिमेंट-खडीचा थर खाली दडलेला असला तर होतं. तसं असेल तर वीतभर उंच वाफा करा, बाजूला सुटे चिरे लावून.

न्हाणीकडच्या भागाला साबणाचं पाणी मिळतं. तिथे नाजूक काही लावू नका. आपल्याकडे न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, केळ आणि अळू लावायची जुनी रीत आहे ती उगीच नाही. ही झाडं भरपूर पाणी पितात आणि साबणाला सहसा कुरकुरत नाहीत. तुम्हाला भाजीपेक्षा पानांची शोभा हवी, तर काळ्या-जांभळ्या पानांचा अळू लावा, नर्सरीत ‘ब्लॅक मॅजिक’ नावाने मिळतो. त्याच्या मागे कासाळू. पूर्ण वाढलेलं कासाळूचं पान दीड वर्षाच्या मुलाला छत्री म्हणून पुरेल एवढं होतं. पाणी चालू आहे तोवर ही दोन्ही झाडं झोपतच नाहीत, म्हणून ती इथे. काळ्या अळूला ऊन कमी पडलं तर पान हिरवट राहतं. ते सकाळचं तासाभराचं ऊन जिथे पडतं, तिथेच त्याला बसवा.

एक सावधगिरी. अळू आणि कासाळू शेजारी वाढले की घरातलं कुणीतरी कधीतरी चुकीचं पान फदफद्यासाठी खुडतं. ओळख सोपी आहे. अळूचा देठ पानाला मागून, खाचेपासून थोडं आत जोडलेला असतो आणि पानाचं टोक जमिनीकडे झुकतं. मोठ्या कासाळूचा देठ थेट खाचेतच येऊन मिळतो आणि पान वर तोंड करून उभं राहतं. शोभेचा म्हणून आणलेला काळा अळूही स्वयंपाकघरात नेऊ नका.

दुसऱ्या भागात, म्हणजे पावसाळी ओलीच्या पट्ट्यात, कॅलेडियम. होस्टाची हौस भागवणारं झाड मला विचाराल तर हेच. मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनच्या खोऱ्याकडचं, अळूच्याच कुळातलं, आणि उकाडा, दमटपणा, सावली या तिन्हींवर खूश. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये लेक प्लॅसिड नावाचं गाव आहे, तिथे याच्या कंदांची शेतंच्या शेतं आहेत आणि जगातले बहुतेक कंद तिथूनच जातात. रंग विचारू नका : पांढऱ्या पानावर हिरव्या शिरा, हिरव्या पानावर लाल शिरा, गुलाबी पानाला हिरवा काठ, नुसते शिंतोडे. तुमच्या त्या काळोख्या जागेत पांढरे घ्या, ‘कॅन्डिडम’ किंवा ‘व्हाइट ख्रिसमस’सारखे. लाल पानं दुकानात उठून दिसतात, पण पोफळीच्या सावलीत सायंकाळी चारनंतर ती काळपट होऊन जातात. पांढरी पानं मात्र दिवेलागणीपर्यंत दिसत राहतात.

आत्ता श्रावण चालू आहे, म्हणजे नर्सऱ्यांत कॅलेडियम भर पानांत असतात. ऑनलाइन कंद मागवण्यापेक्षा आत्ताच जाऊन, डोळ्यांनी रंग बघून पाच-सहा रोपं आणा आणि या वर्षी पिशवीतून मोठ्या कुंडीत हलवून ठेवा. दसऱ्यानंतर पानं मान टाकायला लागतील. पुष्कळ लोक इथेच फसतात. झाड मरतंय असं वाटून पाणी वाढवतात आणि कंद कुजवतात. उलट तेव्हा पाणी हळूहळू तोडायचं. दिवाळीनंतर पानं पूर्ण वाळली की कंद काढा, माती झटका, सावलीत आठवडाभर सुकवा आणि कोरड्या भुशात किंवा भाताच्या तुसात घालून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवून द्या. यांना फ्रिज दाखवायचाही नाही, पंधरा अंशांखालची थंडी त्यांना बाधते. जमिनीतच ठेवले तरी चालतात, पण ती जमीन हिवाळाभर खरंच कोरडी राहत असेल तरच. न्हाणीचं पाणी झिरपत तिथवर पोचत असेल तर काढलेले बरे.

लावणी रोहिणीत करा, भाताची रोपं पेरता त्याच सुमाराला. फाल्गुन-चैत्रात घाई करून लावलेले कंद पाण्यावाचून ताटकळतात. आर्द्रा लागल्यावर लावलेले मुळं फुटायच्या आत चिखलात बसतात. कंद हातात घेऊन नीट पाहा. एका बाजूला खडबडीत, गाठीगाठीचे डोळे दिसतील, मधला सगळ्यात मोठा. ती बाजू वर. तो मधला मोठा डोळा नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडून टाकलात, तर एकाच जाड कोंबाऐवजी कडेचे चार-पाच डोळे फुटतात आणि झाड घेरदार होतं. पानं किंचित लहान येतात, पण येतात भरपूर. खरवडलेल्या जागी चुलीची राख चोळा आणि एक दिवस सुकू द्या. दोन इंच खोल, फूटभर अंतरावर. माती म्हणाल तर तुमची लाल माती निम्मी, उरलेल्यात मुरलेला पालापाचोळा आणि नारळाच्या सोडणाचा चुरा. शेणखत घाला, पण मूठभरच आणि जुनं. नत्र जास्त झालं की रंग मागे हटतो आणि पान हिरवं व्हायला लागतं. युरिया तर नकोच.

पहिला कोंब सुईसारखा घट्ट गुंडाळलेला वर येतो, अगदी बारीक, गवताचा म्हणून खुडला जाईल असा. मृगात तण काढायला बाईमाणूस लावत असाल तर वाफ्यात आधी काटक्या टोचून ठेवा.

कॅलेडियमच्या पाठीमागे उंचीला काहीतरी हवं. त्यासाठी बाहेर शोधायची गरज नाही. सोनटक्का लावा, पट्ट्याच्या त्या टोकाला जिथे थोडा उजेड जास्त असेल. पान लांब, हिरवंगार, कमरेच्या वर जातं आणि भाद्रपद-आश्विनात फुलला की वासाने घर भरतं. आणि पेवा. तुम्ही त्याला रस्त्याकडेला रोज बघता म्हणून बागेत लावायचं मनात येत नसेल. पण त्याचं खोड जवळून पाहा. पानं समोरासमोर नसतात, खोडाभोवती जिन्यासारखी फिरत वर चढतात आणि टोकाला लाल बोंडातून कागदासारखी पांढरी फुलं निघतात. मध्येमध्ये रानहळद. हे तिघंही कोरड्या दिवसांत मागे हटतात, पेवा आणि रानहळद तर साफ गुडूप होतात. कॅलेडियमही तेव्हा झोपलेला असतो. त्यामुळे मार्च ते मे तुमचा पट्टा मोकळा दिसेल हे आधीच सांगून ठेवते. कंद जंगलातून खणून आणू नका. गावात ज्याच्या कुंपणाला आहेत त्याच्याकडून मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

त्या मोकळ्या महिन्यांत नजरेला काहीतरी हिरवं हवं म्हणून भिंतीच्या बाजूला, कुंडीत, चिऱ्यावर चढवून अ‍ॅस्पिडिस्ट्रा ठेवा. हा होस्टाचा लांबचा भाऊबंद, त्याच कुळातला आणि तोही जपानकडचाच, पण याला हिवाळ्याची झोप लागत नाही. वाढतो कासवाच्या गतीने, म्हणून नर्सरीवाले फारसे ठेवत नाहीत. एकदा मिळाला की पुढची पिढीही त्याला पाणी घालते. कुंडीच्या बुडाला पाणी साचू देऊ नका, बाकी त्याची काही तक्रार नसते. जोडीला बर्ड्स नेस्ट फर्न. आणि विहिरीच्या कठड्याला हंसराज उगवला असेल तर त्यातला एखादा पुंजका दगडासकट उचलून आणता आला तर पाहा. त्याची मुळं मोकळी केली की तो रुसतो.

नात आणि कुत्रा यांच्यासाठी हे नीट वाचा. कॅलेडियम, अळू, कासाळू या सगळ्यांच्या कच्च्या पानांत, देठांत, कंदांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, ओठ-जीभ सुजतात. तोंड पुसून, धुऊन गार दूध किंवा दही द्यायचं. सूज वाढली किंवा गिळायला, श्वासाला त्रास वाटला तर वाट न पाहता डॉक्टरकडे. तुमचा होस्टाही कुत्र्याला बाधला असता, त्यातल्या सॅपोनिनमुळे कुत्र्यांना उलट्या होतात. म्हणून नात तीन-साडेतीन वर्षांची होईपर्यंत तिच्या हाताला लागेल त्या पुढच्या ओळीत अ‍ॅस्पिडिस्ट्रा, कॅलाथिया, बर्ड्स नेस्ट फर्न आणि कर्दळ ठेवा. ही चौघं निरुपद्रवी आहेत. कॅलेडियम दुसऱ्या ओळीत. कंद हाताळताना तुम्हीही हातमोजे घाला, खाज सुटते ती सुरण चिरल्यासारखी.

गोगलगायींचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण अशा जागेत त्या असणारच, आणि कोवळ्या पानाची एका रात्रीत चाळण होते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ अंथरा. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. बादलीतलं पाणी वाफ्यात ओतू नका, मिठाने माती खराब होते. बाजारात मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात, त्या तुमच्या घरी नकोत. कुत्रा त्या खातो, आणि त्यातून तो वाचेलच असं नाही. पावसाळ्यात त्या चिखलात अनवाणी उतरू नका, गमबूट घाला. कोकणात लेप्टो या साचलेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचे रुग्ण दर पावसाळ्यात निघतात आणि पायाला कापलं-खरचटलं असेल तर धोका जास्त.

आता यजमान. त्यांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं आहे आणि ज्यांनी एकदा ते घराजवळ पाहिलंय त्यांना पानांची हौस सांगणं सोपं नाही. पण जनावर येतं ते उंदीर-बेडकांच्या मागे आणि लपायला जागा मिळते म्हणून. घराला टेकून रचलेली सोडणं, फुटक्या कौलांचा ढीग, चिऱ्यांची रास, लाकडं, हे आधी हलवा. आजवर ते तिथे पडलेलं असेल तर धोका झाडांआधीपासूनच आहे. भिंतीपासून दोन फूट पट्टा पूर्ण मोकळा ठेवा, तिथे खडी पसरा म्हणजे शेवाळही धरणार नाही आणि काही सरकलं तर दिसेल. कुंड्या त्या खडीच्या बाहेरच्या कडेला, चिऱ्यांवर, खालून नजर जाईल अशा. मागच्या दाराला दिवा लावा. रात्री तिकडे जायचं तर बॅटरी घेऊन आणि पायात काहीतरी घालून.

सगळ्यावर फरशी घालायला माझा विरोध आहे. तेवढ्या जागेत मुरणारं पाणी मग कुठे जाणार? एक तर घराच्या पायाकडे, नाहीतर पोफळीच्या मुळांत. त्यांना हवी तर मधून दीड फूट रुंदीची पायवाट करू द्या, सुट्या चिऱ्यांची, सांध्यांत सिमेंट न भरता. तुम्हालाही वाफ्यात पाय न देता दोन्हीकडे हात पोचेल. भांडण मिटेल की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

लेकीला सांगा, हरणांना फार दोष देऊ नये. जपानमध्ये होस्टाचे कोवळे कोंब माणसंही आवडीने खातात, यामागाता भागात तर भाजी म्हणून लागवड होते. तिकडची पांढऱ्या शेपटीची हरणं होस्टाला सोडत नाहीत. खात्रीचा उपाय म्हणजे सात-आठ फुटी कुंपण. ते जमत नसेल तर सडक्या अंड्याच्या वासाचे फवारे मिळतात, ते कोंब दिसल्यापासूनच मारायला सुरुवात करावी लागते आणि जोराचा पाऊस झाला की पुन्हा. सगळे होस्टा घराच्या भिंतीजवळ घ्यावेत आणि बागेच्या कडेला हेलेबोर, ब्रुनेरा, नेचे लावावेत, यांना हरणं सहसा तोंड लावत नाहीत. हलवायचे असतील तर वसंतात कोंब जमिनीतून जेमतेम वर आले असताना, किंवा तिकडच्या ऑगस्टअखेर-सप्टेंबरात. म्हणजे या वर्षीचं काम आत्ताच करता येईल, तिला आजच फोन करा.